अडीच फुटाचं दार

नाचणगावातली निम्मी दारं अण्णाजींच्या हातची होती. उरलेल्या निम्म्यांबद्दल ते बोलत नसत. फार तर कुणाच्या घरी गेल्यावर दोन बोटांनी पल्ला ढकलून बघायचे, आणि तो कुरकुरला की पुढचा चहा मुकाट्यानं प्यायचे. यजमानाला काय ते समजायचं.

हाताला कंप सुटला म्हणून चार वर्षांपूर्वी त्यांनी सुतारकी सोडली, पण मापं डोक्यातून गेली नव्हती. फूट, इंच, आणि इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. आपल्याला आजवर कुणी एका सुतानं पकडलं नाही, असं ते छाती काढून सांगत. बाकीच्या मापांशी त्यांचं कधी पटलं नाही. प्लायवूड आठ बाय चार फुटाचं आणि जाडी तेवढी अठरा एमएम, हे कोणत्या शहाण्यानं ठरवलं, असं ते पुलगावच्या दुकानदाराला दर खेपेला विचारत. दुकानदार दर खेपेला हसे. माणसाची उंची फुटात, कापड मीटरवर, वावर तोंडात एकरानं आणि सातबाऱ्यावर हेक्टरनं, असा सगळा काला. त्यातून अण्णाजींनी आपल्यापुरती वाट काढली होती. फुटात असेल ते आपलं, बाकीचं पोरगं बघेल.

पोरगं म्हणजे अश्विन. तो पुण्याला कंपनीत होता आणि फोनवर सगळंच बघत असे.

संक्रांतीच्या सुमारास रुख्माबाईंना लकवा मारून गेला. तिळाचे लाडू वळता वळता उजवा हात परातीत पडला तो पुन्हा उचललाच गेला नाही. वाकडं झालेलं तोंड महिनाभरात बरंचसं सरळ झालं, बोलणंही परत आलं, पण उजवं अंग गेलं ते गेलंच. अण्णाजींनी सत्तरीत भात लावायला शिकून घेतलं. वेणी घालायला शिकले. ती जरा सैल व्हायची, पण रुख्माबाई काही म्हणत नसत. एकच काम त्यांच्या एकट्याच्यानं होत नव्हतं. बायकोला संडासला न्यायचं तर दोन माणसं लागत.

शेजारच्या आनंदाबाई सकाळ-संध्याकाळ येत. एका काखेत त्या, दुसऱ्या काखेत अण्णाजी. आत नेऊन भोक पाडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवायचं आणि कलंडू नये म्हणून दोघांनी धरून उभं राहायचं. दार सताड उघडं. आनंदाबाई मनानं सोनं होत्या, पण तोंडाला कडी नव्हती. धरल्या धरल्या कुणाची सोयरीक मोडली, कुणाची म्हैस गाभडली, सगळं सांगत. रुख्माबाई डोळे मिटून घेत. चाळीस वर्षांच्या संसारात ज्या बाईनं नवऱ्यासमोर कधी पोलक्याची गुंडी लावली नव्हती, तिचं हे असं चाललं होतं.

मग तिनं पाणी पिणं सोडलं. उपास केल्यासारखं सांगून सवरून नाही, गुपचूप. होळीनंतर लघवीची आग सुरू झाली तेव्हा पुलगावच्या डॉक्टरांनी दटावलं, दिवसाला तीन लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे.

"लिटर म्हंजे आपले लोटे किती?" अण्णाजींनी विचारलं.

"तीन-चार धरा," डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी येऊन अण्णाजींनी चार लोटे भरून ओळीनं मांडले. संध्याकाळी साडेतीन लोटे तसेच होते.

"काऊन व, पेत काऊन नाई तू?"

"पेलं का जा लागते," रुख्माबाई म्हणाल्या.

"मंग जाऊ ना. मी हाओ, आनंदाबाई हाय."

"तेच तं." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग म्हणाल्या, "मले दार लाऊन बसाचं हाय. एकटीले. तुमी दोघं नाई पायजे तिथं."

अण्णाजींना वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला. त्यांनी त्याच दिवशी अश्विनला फोन लावला.

अश्विनला सगळं ठाऊक होतं. चाकाची एक खुर्ची मिळते, तो म्हणाला. मधे भोक असतं, दोन्हीकडून दांडे असतात, पुढून पट्टा असतो. पलंगावरून तिच्यावर बसवायचं आणि ढकलत नेऊन थेट भांड्यावर उभी करायची. माणूस कलंडत नाही, धरायला कुणी लागत नाही. "आईला आतून दार लावून घेता येईल, बाबा. फक्त दाराची रुंदी सांगा. सेंटिमीटरमध्ये."

"अडीच फूट."

"एकदा मोजून पाहता का?"

"माह्या हातचं दार हाय ते बे. बापाले मोजाले लावतं का? अडीच बाय साडेसहा, जलमभर तेच करत आलो. सेंटिमीटर तुह्यं तू काढ."

अश्विननं काढलं. शहात्तर सेंटिमीटर. खुर्ची होती सहासष्टची. "दहा सेंटिमीटर मोकळे राहतात. आरामात जाते," तो म्हणाला, आणि तिथल्या तिथे ऑर्डर देऊन टाकली. गुणाकार अगदी बरोबर होता.

खुर्ची यायची म्हटल्यावर रुख्माबाईंचा चेहराच पालटला. रंग कोणता आहे, चाकं आवाज करतात का, असं विचारू लागल्या. आतली कडी फार उंच आहे, बसल्याबसल्या डाव्या हाताला पोचायची नाही, हेही त्यांनीच काढलं. अण्णाजींनी ती काढून खाली बसवली, नुसत्या नजरेच्या अंदाजानं, आणि ती बरोबर हाताशी आली. पाणी पी म्हटलं की त्या म्हणायच्या, "खुर्ची येऊ द्या. मंग लोटाभर पेतो."

खुर्ची आली ती ऐन वैशाखात, उन्हाचा पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना. खोक्यात एक थर्मामीटरही होता. घरातला काचेचा फुटला होता म्हणून अश्विननं आकड्यांचा घेऊन दिला होता. आनंदाबाईंनी खुर्चीला हळदकुंकू लावलं. रुख्माबाईंना तिच्यावर बसवलं, पट्टा लावला, आणि अण्णाजींनी खुर्ची हळूहळू ढकलत बैठकीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून मागच्या पडवीत आणली. रुख्माबाईंनी डाव्या हातानं डोक्यावरचा पदर सारखा केला. कुठं लग्नाला निघाल्यासारख्या दिसत होत्या.

संडासच्या चौकटीवर दोन्ही चाकं आपटली आणि खुर्ची थांबली.

अण्णाजींनी मागे घेऊन पुन्हा ढकलली. तिरकी करून ढकलली. चौकटीच्या दोन्ही लाकडांवर काळे ओरखडे उठले. मग ते कोठीत जाऊन टेप घेऊन आले आणि जे काम एका महिन्यापूर्वी करायला हवं होतं ते त्यांनी केलं. पंचवीस इंच. त्यातला आणखी एक इंच उघडा पल्ला खात होता.

दाराचं माप बाहेरून बाहेर सांगायचं, ही सुताराची रीत. अडीच फुटाचं दार म्हणजे चौकटीच्या बाहेरच्या कडांपासून अडीच फूट, कारण गवंड्याला भिंतीत तेवढी जागा सोडावी लागते. दोन बाजूंचं अडीच-अडीच इंच लाकूड त्यातून वजा होतं. जन्मभर अण्णाजींनी गवंड्याला माप दिलं होतं. त्या दारातून जाणाऱ्या माणसाचं माप त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं. हे सगळं त्यांना आता झर्रकन कळलं.

"दोन इंच कमी पडून राह्यले," ते टेपकडे बघत म्हणाले.

"दोनच ना?" आनंदाबाई म्हणाल्या. "एवढुसे! घ्या, धरते मी एका बाजूनं, नेहमीसारखं."

"राहू दे," रुख्माबाई म्हणाल्या. "मले नाई लागली."

त्या दिवशी त्यांना संध्याकाळपर्यंत लागलीच नाही.

अश्विनला कळवलं तेव्हा तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "ठीक आहे, बाबा. चौकट काढून टाका, भिंत अर्धा फूट फोडून घ्या, आणि पुलगावातून फायबरचं तयार दार आणून लावा. दोन दिवसांचं काम आहे."

"फायबरचं?" अण्णाजी म्हणाले. "माह्या घरी?"

गवंडी येऊन भिंत फोडून गेला. जुनी सागवानी चौकट अण्णाजींनी स्वतः काढली, आणि खुर्ची आता त्या भगदाडातून खुशाल आत जाऊ लागली. पण भगदाडाला दार नव्हतं. अण्णाजींनी दोरी बांधून चादर सोडली. रुख्माबाईंनी त्या चादरीकडे पाहिलं. वारा आला की ती पोटापर्यंत उडत होती.

"दार लावा," त्या म्हणाल्या. "मंग बसतो."

"लावतो ना. आठ दिवस दे मले. असं दार करतो का गाव पाहाले येईन."

"गावाले कायले पायजे?" रुख्माबाई म्हणाल्या, पण अण्णाजी तोवर कोठीत शिरले होते. माळ्यावर सागाच्या फळ्या होत्या, अश्विनच्या लग्नातल्या पलंगातून उरलेल्या. चूक आपली, तर ती आपल्याच हातानं पुसायची, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. ते चुकीचं होतं असं कुणाला म्हणता येईल? पण हट्टाला नेहमी चांगलं कारण सापडतं, तसं ते त्यांना सापडलं होतं, आणि घरात एक बाई तहानलेली होती.

काम रेंगाळलं, आणि तोवर सकाळ-संध्याकाळ जाणं पुन्हा आनंदाबाईंच्या आधारानंच होत राहिलं. कंप सुटलेल्या हातात पटाशी नीट बसेना. पूर्वी सकाळी धरलेली चौकट दुपारी उभी व्हायची, ती आता चार दिवस झाले तरी होईना. ऊन इतकं की दहानंतर रंध्याचं लोखंड हाताला चटके देई. अण्णाजी घराच्या बाजूला, लिंबाच्या सावलीत, रुख्माबाईंच्या खिडकीखाली बसून काम करत. तासाभरानं उठून खिडकीतून विचारत, "पेली का पाणी?" आतून उत्तर येई, "पेली." लोटाही रिकामा दिसे. बरं चाललं आहे, असं त्यांना वाटलं.

खिडकीखाली हातभर गवत उगवलं होतं, हिरवंगार, सगळं आवार करपून गेलेलं असताना. अण्णाजींनी त्यावर फळी ठेवली, तेव्हा फळीचा खालचा भाग ओला झाला. मोरीचं पाणी झिरपत असेल, असं म्हणून त्यांनी फळी सरकवली. मोरी घराच्या दुसऱ्या बाजूला होती.

चौकट बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रुख्माबाई गुंगीत होत्या. अंग तापल्यासारखं वाटत होतं, पण वैशाखात कुणाचं अंग थंड असतं? अण्णाजींनी अश्विनचा थर्मामीटर काखेत धरला. तो वाजला तेव्हा चष्मा लावून आकडा वाचला. एकोणचाळीस पॉइंट दोन.

अण्णाजींनी ताप शंभराच्या पुढेच मोजलेला. शंभर म्हणजे कणकण, दोन म्हणजे गोळी, चार म्हणजे दवाखाना. एकोणचाळीस काही त्यात बसेना. बाहेर पंचेचाळीस आहे असं सकाळीच टीव्हीवर सांगितलं होतं, आणि इथे एकोणचाळीस. म्हणजे बाहेरच्यापेक्षा थंडच. खोलीत कूलर आहे, बाईला झोप लागली आहे, झोपू द्यावं. पल्ल्याचं शेवटचं घासकाम राहिलं होतं. ते बाहेर जाऊन बसले.

दुपारी आनंदाबाई आल्या आणि रुख्माबाईंच्या कपाळाला हात लावून किंचाळल्या. "भाऊ, भट्टी झाली हो वैनीची! तुमी करून काय राह्यले?"

"मोजला मी ताप. एकोणचाळीस हाय नुसता."

"एकोणचाळीस कधी असते काय ताप?"

फोनवर अश्विननं आकडा दोनदा विचारून घेतला. मग म्हणाला, "बाबा, ते सेल्सिअस आहे. हवेचं माप असतं ना, तेच. आईला एकशे दोनच्या वर ताप आहे." आणि मग तो पहिल्यांदा ओरडला. "केव्हा मोजला होता? सकाळी? सकाळपासून काय केलं तुम्ही?"

 दार घासत होतो, हे अण्णाजींच्या तोंडातून निघेना.

रुख्माबाईंना गाडीत घातल्यावर ते वाटेत पाजायला म्हणून लोटा घ्यायला खोलीत परत आले. लोटा खिडकीच्या कठड्यावर होता, पलंगावरून तिचा डावा हात पोचेल एवढ्या अंतरावर. गजांवर पाण्याचे पांढरे ओघळ वाळलेले होते. खाली तेच ओलं, हिरवंगार गवत. अण्णाजी लोटा हातात घेऊन तसेच उभे राहिले, आणि आनंदाबाईंनी त्यांना दंडाला धरून गाडीत बसवलं.

वर्ध्याच्या दवाखान्यात बारा-पंधरा दिवस गेले. मूत्रपिंडापर्यंत पू चढला होता. एक मूत्रपिंड कामातून गेलं, दुसरं अर्धमुर्धं वाचलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यांना पाणी कमी द्यायचात का तुम्ही?" अण्णाजी नाही म्हणाले आणि मग हो म्हणाले. घरी सोडताना रुख्माबाईंना नळी लावलेली होती, आणि नळीच्या टोकाला पिशवी. आता हे असंच राहणार, असं त्यांना समजावून सांगण्यात आलं. पोट साफ व्हायचं ते लंगोटातच होईल. उठबस नको.

पिशवीवर आकडे छापलेले होते, शंभर, दोनशे, तीनशे. संध्याकाळी किती भरली ते बघून लिहून ठेवायचं होतं. पिशवी पलंगाला, दारातून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी लटकत असे. आनंदाबाई आल्या की आधी तिच्याकडे बघत आणि म्हणत, "आज बरी हाय हो!" रुख्माबाई डोळे मिटून घेत.

अण्णाजींनी दार पुरं केलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. पल्ला बसवला, कब्ज्यांना तेल दिलं, कडी खाली लावली. दार एका बोटानं फिरत होतं आणि कुठंच घासत नव्हतं. गाव काही बघायला आलं नाही. अण्णाजींनाही कुणाला दाखवावंसं वाटलं नाही.

एका सकाळी रुख्माबाई म्हणाल्या, "मले घेऊन चला तिथं."

"कुठी?"

"संडासात. खुर्चीवर."

"आता काय काम हाय तिथं तुह्यं?" विचारून झाल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"चला ना."

त्यांनी खुर्ची आणली. बायकोला पलंगावरून एकट्यानं उचलून बसवलं. आता दुसरं माणूस लागत नव्हतं इतकी ती हलकी झाली होती. पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. खुर्ची दारातून गेली, दोन्हीकडून दोन-दोन इंच जागा सोडून. आत उभी करून, चाकं अडकवून, अण्णाजी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. आतून डाव्या हातानं चाचपडत कडी लागली.

अण्णाजी दारापाशीच थांबले. तोल गेला, घेरी आली, तर जवळ कुणी असावं म्हणून.

आत काहीच आवाज नव्हता. बऱ्याच वेळानं रुख्माबाई बोलल्या.

"अवो, हाय का तुमी तिथं?"

 आहे म्हणावं, तर तिला हवं होतं ते आजही मिळणार नव्हतं. आणि नाही म्हणायची तर सोयच नव्हती. अण्णाजींनी श्वास रोखला.

"हाय का कोणी?"

मग रुख्माबाई रडू लागल्या. तोंडात पदर न कोंबता, मोठ्यानं, अर्ध्या वाकड्या ओठातून जसा निघेल तसा आवाज काढत. सासरी निघालेली पोरगी मांडवात रडते तसं. संक्रांतीपासून अण्णाजींनी तिला रडताना पाहिलं नव्हतं. बाई मोठी धीराची, असं ते चारचौघांत कौतुकानं सांगत होते. तिला बापडीला रडायला जागाच नव्हती. चोवीस तास कुणाचा ना कुणाचा हात तिच्या काखेत होता, आणि अण्णाजी दार मोजत बसले होते.

आवाज ऐकून आनंदाबाई धावत पडवीत आल्या. "काय झालं व वैनी—"

अण्णाजींनी तोंडावर बोट ठेवलं आणि त्यांना अंगणाकडे जायची खूण केली. आनंदाबाई पहिल्यांदाच काही न बोलता वळल्या. मग अण्णाजींनी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि आवाज होऊ न देता, भिंतीचा आधार घेत, तेही त्यांच्यामागे उन्हात निघून गेले.